'सर्व माणसे समान' हे अमेरिकेच्या नेमक्या कोणत्या कागदात लिहिलंय?

कोयनाकाठ

आमच्या मंडळातले काही जण सध्या नागरिकत्वाच्या मुलाखतीची तयारी करतायत, त्यामुळे कुणाकडे जेवायला जमलं की अमेरिकेचा इतिहास निघतोच. त्यात एक प्रश्न हमखास वादाला तोंड फोडतो. 'सर्व माणसे समान निर्माण झाली आहेत' हे वाक्य अमेरिकेच्या राज्यघटनेत नेमकं कुठे आहे? कुणी छातीठोकपणे सांगतं प्रस्तावनेत, कुणी सांगतं पहिल्या दहा दुरुस्त्यांत.

ते राज्यघटनेत कुठेच नाही. १७८७ च्या मूळ घटनेत नाही, १७९१ च्या पहिल्या दहा दुरुस्त्यांतही नाही. ते आहे ४ जुलै १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात, दुसऱ्या परिच्छेदाच्या सुरुवातीला. आणि जाहीरनामा म्हणजे कायदा नव्हे. त्यातलं वाक्य दाखवून कोर्टाकडून काही पदरात पाडून घेता येत नाही.

मग घटनेत काय आहे? समान मताचा हक्क आहे, पण तो राज्यांना. सिनेटमध्ये प्रत्येक राज्याला सारखी मतं, आणि राज्याच्या संमतीशिवाय हा हक्क काढून घेता येणार नाही अशी पाचव्या कलमात तजवीज. माणसांचा हिशेब वेगळा. लोकप्रतिनिधींच्या जागा ठरवताना स्वतंत्र माणसं पूर्ण मोजायची आणि 'इतर सर्व व्यक्ती' तीन पंचमांश. म्हणजे पाच गुलाम असतील तर तीन धरायचे. त्या पाचांना मत नाहीच. त्यांच्या डोक्यांवर मिळालेल्या जास्तीच्या जागा त्यांच्या मालकांच्या राज्याला. १८०८ पर्यंत गुलामांच्या आयातीवर काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, बंदी घालायची नाही. पळालेला 'सेवेला बांधलेला' माणूस दुसऱ्या राज्यात सापडला तर परत पाठवायचा. एवढं सगळं लिहून 'गुलाम' हा शब्द मात्र एकदाही नाही. माणूस ही मालमत्ता असू शकते हा विचार घटनेत येऊ देणं आपल्याला गैर वाटतं, असं घटनेच्या घडणीत पुढे असलेला मॅडिसन घटना लिहिणाऱ्या अधिवेशनात म्हणाला होता. विचार येऊ दिला नाही, व्यवहार येऊ दिला. समानतेच्या आसपास जाणारी एकच गोष्ट त्या मूळ घटनेत मला सापडते, ती म्हणजे सरदारकीच्या पदव्यांवर बंदी. उमराव नकोत, यावर मात्र सगळ्यांचं एकमत होतं.

आता जाहीरनामा. त्याचा मसुदा लिहिणाऱ्या जेफरसनने ते वाक्य हवेतून काढलेलं नाही. व्हर्जिनियाने १२ जून १७७६ ला हक्कांची सनद मंजूर केली होती. जॉर्ज मेसनच्या मसुद्यात 'सर्व माणसे जन्मतः सारखीच स्वतंत्र' असं होतं. त्यावर सभेत लगेच कुणाच्या तरी पोटात गोळा आला: हे गुलामांनाही लागू झालं तर? मग 'समाजाच्या अवस्थेत प्रवेश करताना' असं एक उपवाक्य घुसवलं. गुलाम त्या समाजात धरलेच नाहीत, म्हणजे प्रश्न मिटला. मला हा सगळा प्रकार फार बोलका वाटतो. त्या वाक्याचा अर्थ कुठवर जातो हे त्या माणसांना चांगलं कळत होतं, म्हणून तर पाचर मारली. 'तेव्हा असा विचार कुणाला सुचतच नव्हता' हे जे आपण ऐकतो, त्याला काही अर्थ नाही.

जेफरसनच्या मसुद्यात गुलामांच्या व्यापाराबद्दल एक आख्खा परिच्छेद होता, सगळा दोष इंग्लंडच्या राजावर ढकलणारा. काँग्रेसने तो उडवला. जेफरसनने आपल्या टिपणांत लिहून ठेवलंय की साउथ कॅरोलिना आणि जॉर्जिया यांची मर्जी राखायला तो काढला, आणि उत्तरेतल्या मंडळींनाही तो जरा टोचत होता, कारण स्वतःकडे गुलाम थोडे असले तरी गुलामांची वाहतूक करणारी जहाजं त्यांची होती.

आता मला ज्यासाठी हा धागा काढायचा होता ते. तेच वाक्य, जवळजवळ त्याच शब्दांत, एका ठिकाणी खऱ्याखुऱ्या घटनेत गेलं. मॅसॅच्युसेट्स राज्याची १७८० ची घटना, मसुदा जॉन ॲडम्सचा. पहिलंच कलम: सर्व माणसे स्वतंत्र आणि समान जन्मतात. याचा परिणाम बघा.

त्या राज्याच्या पश्चिम टोकाला शेफील्ड नावाचं गाव आहे. तिथे कर्नल जॉन ॲशलीचं घर. १७७३ साली याच घरात गावच्या पुढाऱ्यांनी बसून इंग्रजांविरुद्ध ठराव लिहिला होता, त्यातही माणसं निसर्गतः समान आणि स्वतंत्र असल्याचं वाक्य आहे. लिहिणाऱ्यांत थिओडोर सेजविक हा तरुण वकील होता. आणि त्याच घरात बेट नावाची गुलाम बाई राबत होती, लोक तिला मम बेट म्हणत. सेजविक घराण्याच्या आठवणींत तिची हकीकत आहे. ॲशलीच्या बायकोने एकदा रागाच्या भरात चुलीतलं तापलेलं फावडं दुसऱ्या एका मुलीवर उगारलं. बेट मध्ये पडली आणि घाव तिच्या दंडावर बसला. पुढे ती ती जखम झाकायची नाही. कुणी विचारलं की हाताला काय झालं, तर म्हणायची, बाईसाहेबांना विचारा.

नव्या घटनेची चर्चा तिच्या कानावर पडली आणि ती सरळ सेजविककडे गेली. तिचा युक्तिवाद असा की कायदा सगळ्यांना समान म्हणतो, मग मी त्यात का नाही? सेजविकने दावा लावला, ब्रॉम नावाच्या आणखी एका गुलामालाही सोबत घेऊन. ऑगस्ट १७८१, ग्रेट बॅरिंग्टनचं कोर्ट. ज्यूरीने दोघांनाही स्वतंत्र ठरवलं आणि वर ३० शिलिंग भरपाई दिली. ॲशलीने अपील केलं आणि मग स्वतःच मागे घेतलं. बेटने एलिझाबेथ फ्रीमन हे नाव घेतलं आणि पगारी नोकरी धरली ती सेजविककडे. १७८३ मध्ये क्वॉक वॉकर या गुलामाच्या खटल्यात मुख्य न्यायमूर्ती कुशिंग यांनी तेच कलम पुढे ठेवलं. १७९० च्या पहिल्या जनगणनेत मॅसॅच्युसेट्सच्या गुलामांच्या रकान्यात शून्य आहे.

व्हर्जिनियात मात्र त्याच वर्षांत गुलामी वाढत होती. वाक्य तेच, पण एका ठिकाणी पाचर मारलेलं, एका ठिकाणी निव्वळ जाहीर केलेलं, आणि एका ठिकाणी घटनेचं कलम झालेलं. संघराज्याच्या घटनेत कायद्यापुढच्या समानतेचा हक्क यायला १८६८ ची चौदावी दुरुस्ती उजाडली. मध्ये एक यादवी युद्ध. म्हणून मला वाटतं की राष्ट्राच्या पायाभूत कागदांत समानता 'आहे का' हा अर्धा प्रश्न झाला. 'कुठल्या कागदात आहे' हा उरलेला अर्धा, आणि कोर्टाची पायरी चढायची वेळ आली की तोच मोठा.

जाणकारांनी भर घालावी.

शेंगदाणा_चटणी

सुरेख लिहिलंय. मम बेट कधीच ऐकली नव्हती. 'बाईसाहेबांना विचारा' वाचून काटा आला अंगावर. वाचतेय, येऊ द्या अजून.

रोखठोक_नाना

लेख चांगला आहे ताई, पण मुळात एवढं कौतुक कशाला? समानतेचं वाक्य लिहिणाऱ्या माणसाने आयुष्यभरात ६०० हून अधिक माणसं गुलाम म्हणून बाळगली. त्याच जाहीरनाम्यात खाली मूळ रहिवाशांना 'निर्दय रानटी' म्हटलंय, तेही वाचा. खायचे दात वेगळे, दाखवायचे वेगळे. अशा कागदात समानतेचं तत्त्व 'आहे' असं म्हणायचंच कशाला? शाई आहे, तत्त्व नाही.

फिलीकर

नानांच्या मुद्द्यात भर. जेफरसनने मसुदा लिहिला ते घर इथे आमच्या फिलाडेल्फियात, सातवा रस्ता आणि मार्केट स्ट्रीटच्या कोपऱ्यावर. मूळ घर १८८३ ला पाडलं, आत्ता आहे ती १९७५ ची नवी बांधणी. गवंडी जेकब ग्राफ याच्या घराचा दुसरा मजला त्याने भाड्याने घेतला होता, दोनच खोल्या. लिहायला मांडीवर ठेवायची घडीची पेटी, त्याने स्वतः आखून करून घेतलेली. ती आता वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे.

पण त्या दोन खोल्यांत तो एकटा नव्हता. त्याच्या दिमतीला रॉबर्ट हेमिंग्ज नावाचा मुलगा होता, वय वर्षं १४. गुलाम. शिवाय जेफरसनच्या बायकोचा सावत्र भाऊ, कारण सासऱ्याला गुलाम बाईपासून झालेला. म्हणजे 'सर्व माणसे समान' लिहिलं जात होतं तेव्हा घरात पाणी भरायला, कपडे लावून द्यायला आपलाच मेहुणा. त्याची सुटका झाली १७९४ ला, तीही स्वतःची किंमत चुकवून.

घर बघायला येणाऱ्यांपैकी बहुतेक जण पेटीची प्रतिकृती बघतात, फोटो काढतात आणि लिबर्टी बेल या प्रसिद्ध घंटेकडे जातात.

कोयनाकाठ

@रोखठोक_नाना, ढोंग होतं हे मान्यच आहे. पण ज्यांना त्या वाक्यातून वगळलं होतं त्यांनी ते फेकून दिलं नाही, उलट मालकांच्याच गळ्यात अडकवलं. बेंजामिन बॅनेकर हा मेरीलँडचा स्वतंत्र काळा माणूस, गणित-खगोल स्वतः शिकलेला, पंचांग तयार करणारा. ऑगस्ट १७९१ मध्ये त्याने आपल्या पंचांगाची हस्तलिखित प्रत जेफरसनला पाठवली आणि सोबतच्या पत्रात जेफरसनचंच वाक्य त्याला उतरवून दाखवलं: हे तुम्ही लिहिलंत, आणि तरी माझ्या बांधवांना जखडून ठेवलंय. जेफरसन तेव्हा परराष्ट्रमंत्री. त्याने अकरा दिवसांत उत्तर दिलं, अगदी गोड उत्तर. पंचांग पॅरिसच्या अकादमीकडे पाठवतो म्हणाला. गुलाम मात्र सोडले नाहीत.

पुढे १८५२ मध्ये गुलामीतून पळून सुटलेला फ्रेडरिक डग्लस रोचेस्टरला बोलायला उभा राहिला तो मुद्दाम ५ जुलैला. हा चार जुलै तुमचा, माझा नाही, असं तोंडावर सांगितलं. पण त्याच भाषणात जाहीरनाम्यातली तत्त्वं मात्र त्याने तारकच म्हटली. म्हणून शाई आणि तत्त्व अशी फोड मला इतकी सोपी वाटत नाही.

तिसरी_घंटा

नाना, ढोंगाचंही एक मोल असतं. ढोंग संपल्यावर काय होतं ते दाखवतो.

१८५४ मध्ये इंडियानाचा सिनेटर पेटिट सभागृहात उभा राहून म्हणाला की जाहीरनामा ज्याला स्वयंसिद्ध सत्य म्हणतो ते स्वयंसिद्ध खोटं आहे. १८५७ मध्ये स्वातंत्र्य मागणाऱ्या ड्रेड स्कॉट या गुलामाच्या खटल्यात सरन्यायाधीश टॉनी यांनी तर कमालच केली. त्या वाक्यातले शब्द सगळ्या मानवजातीला कवेत घेतात असं वाटतं खरं, पण लिहिणारे थोर लोक होते आणि त्यांनी गुलाम ठेवले, म्हणजे काळ्यांचा समावेश त्यांच्या मनात नसणारच! ढोंग हाच पुरावा मानला. न्यायमूर्ती कर्टिस यांनी विरोधी मत देताना दाखवून दिलं की घटना मंजूर झाली तेव्हा पाच राज्यांत स्वतंत्र काळ्या पुरुषांना मताचा हक्क होता.

आणि मार्च १८६१. दक्षिणेची राज्यं फुटून निघाली, नवं राष्ट्र, नवी घटना. तिथे 'सेवेला बांधलेली व्यक्ती' वगैरे आडपडदा उरला नाही, 'गुलाम' हा शब्द चक्क लिहिला. त्यांचा उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीव्हन्स याने सव्हानाच्या भाषणात सांगितलं की जेफरसनच्या पिढीची समानतेची कल्पनाच चुकीची होती आणि आमच्या नव्या सरकारची कोनशिला नेमक्या उलट कल्पनेवर आहे. हे राष्ट्र बोलतं तसं वागणारं होतं. नाना, यातलं कुठलं पत्करलं असतंत?

रोखठोक_नाना

दोन्ही नको म्हणण्याची सोय आहे का? :)

बाकी पेटिट-स्टीव्हन्स माहीत नव्हते. मुद्दा नोंदवून घेतला. पण तिकडे डग्लसच्या पिढीची सोय काय झाली?

जुना_वकील

कायद्याच्या बाजूने थोडं. जिल्हा न्यायालयात आयुष्य गेलं, अमेरिकेचे निकाल संदर्भाला लागायचे तेवढे वाचलेत.

लिंकनने गेटिसबर्गला (१९ नोव्हेंबर १८६३) एक चतुराई केली. राष्ट्राचा जन्म ८७ वर्षांपूर्वी झाला, असं म्हणाला. वजाबाकी करा, १७७६ येतं. घटनेचं १७८७ घेतलं असतं तर हाताशी तीन पंचमांश आले असते. त्याने जन्मतारखेचा दाखलाच बदलला म्हणा ना. पण भाषणही कायदा नव्हे. कायदा आला तो असा: तेरावी दुरुस्ती १८६५, गुलामी बंद. चौदावी १८६८: कोणतंही राज्य आपल्या हद्दीतल्या कोणत्याही व्यक्तीला कायद्याचं समान संरक्षण नाकारणार नाही. या कलमाची शब्दरचना मुख्यतः ओहायोच्या जॉन बिंगहॅमची. पंधरावी १८७०, वर्णावरून मत नाकारायचं नाही.

आपल्या राज्यघटनेचं कलम १४ वाचा: कायद्यापुढे समानता आणि कायद्याचे समान संरक्षण. यातला दुसरा तुकडा थेट तिकडून आलाय. पहिला इंग्रजांच्या परंपरेतला. व्हॉट्सॲपवर फिरतं की चौदाव्या दुरुस्तीवरून घेतलं म्हणून मुद्दाम कलम १४ क्रमांक दिला. निव्वळ योगायोग आहे. १९४८ च्या मसुद्यात हे शब्द कलम १५ मध्ये होते, जीविताच्या हक्काच्या शेपटाला. पुढे फोड होऊन एक कलम १४ झालं आणि एक २१.

आपल्याकडे जागा मात्र दोन्ही धरल्या. प्रास्ताविकेत दर्जाची व संधीची समानता, आणि मूलभूत हक्कांत कोर्टातून बजावता येईल असं कलम. धागाकर्तीने जी फट दाखवलीय ती बाबासाहेबांसारख्या कोलंबियात शिकलेल्या माणसाच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं.

गोदाकाठचा_पोर

जुन्या वकिलांना +१, आणि आपल्याकडचा धागा आणखी मागे जातो. जोतीरावांनी १८७३ च्या 'गुलामगिरी'ची अर्पणपत्रिका अमेरिकेच्या सज्जन लोकांना केलीय, गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी केलेल्या त्यागाबद्दल. पुण्यात बसून त्या काळात एवढी नजर! चौदावी दुरुस्ती होऊन तेव्हा पाचच वर्षं झाली होती.

आणि दुर्दैव असं की त्याच १८७३ च्या एप्रिलमध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने त्या दुरुस्तीचं एक महत्त्वाचं कलम, नागरिकांच्या विशेषाधिकारांचं, खाटीकखान्यांच्या खटल्यात जवळजवळ निकामी केलं. १८९६ मध्ये तर गोऱ्या-काळ्यांसाठी रेल्वेचे वेगळे डबे समान संरक्षणात बसतात असंच ठरलं. ते उलटायला १९५४ उजाडलं.

कोयनाकाठ यांनी 'कुठल्या कागदात' म्हटलंय, त्यावर महाड आठवतं. बोले यांचा ठराव मुंबईच्या विधिमंडळात १९२३ ला मंजूर झाला: सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले. महाड नगरपालिकेने १९२४ ला तो मानला. कागद झाले. पाण्याला हात लावायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला, आणि लोक परतताना त्यांना मारहाण झाली. मग सवर्णांनी दिवाणी दावा टाकला, तो मुंबई हायकोर्टापर्यंत गेला आणि मार्च १९३७ मध्ये संपला. डिसेंबर १९२७ च्या दुसऱ्या परिषदेत बाबासाहेबांनी फ्रान्सच्या १७८९ च्या राष्ट्रसभेशी तुलना करून हे काम पाण्यापुरतं नाही असं सांगितलं. आता घटनेचं कलम १५(२) काढा: विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते. एवढ्या तपशिलाने विहीर-तलाव लिहिणारी राज्यघटना जगात किती असतील? चवदार तळ्याचं पाणी लागलंय त्या ओळीला.

उंबरठा

बरेचसे पुरुषच बोलतायत आणि बहुतेक पुरुषांबद्दलच, म्हणून येते.

१८४८, सेनेका फॉल्स, न्यूयॉर्क राज्य, स्त्रियांच्या हक्कांची परिषद. एलिझाबेथ केडी स्टँटन आणि मंडळींनी जाहीरनाम्याची ओळ न् ओळ उचलली आणि राजाच्या जागी पुरुषाला बसवून तक्रारींची यादी केली. सर्व पुरुष व स्त्रिया समान निर्माण झाल्या आहेत. १०० सह्या झाल्या, ६८ बायकांच्या आणि ३२ पुरुषांच्या, त्यात डग्लसही. वर्तमानपत्रांनी खिल्ली उडवल्यावर काहींनी सही मागेही घेतली.

आणि ज्या चौदाव्या दुरुस्तीचं वर एवढं गुणगान चाललंय ना, तिच्या पहिल्या भागात 'कोणतीही व्यक्ती' आहे खरं, पण दुसऱ्या भागात मतदारांबद्दल लिहिताना 'पुरुष' घातलंय. अमेरिकेच्या घटनेत लिंगाचा उल्लेख पहिल्यांदा आला तो इथे, समानतेच्याच दुरुस्तीत! स्टँटन, सुझन अँथनी यांचा तिळपापड झाला तो उगाच नाही. १८७५ मध्ये कोर्टाने सांगितलं, बाई नागरिक आहे, पण नागरिक असणं म्हणजे मत असणं नव्हे. मताला १९२० लागलं.

समान संरक्षणाच्या कलमाखाली बाईला न्याय कधी मिळाला माहितीये? १९७१. आयडाहो राज्याचा कायदा होता की वारलेल्या माणसाच्या मालमत्तेची व्यवस्था बघायला सारख्या नात्याचे दोघं पुढे आले तर पुरुषाला प्राधान्य. सॅली रीड या आईला आपल्या गेलेल्या मुलाच्या बारीकसारीक चीजवस्तू सांभाळायच्या होत्या, नवऱ्यापासून ती वेगळी झालेली. तिच्या खटल्यात तो नियम रद्द झाला. कलम लिहून १०३ वर्षं झाली होती.

शेंगदाणा_चटणी

उंबरठा ताई, टाळ्या. हा प्रतिसाद स्वतंत्र लेख करून टाका.

बे_एरियातली_माई

आमच्या गावचा खटला कुणीच आणला नाही, म्हणून लिहिते. सॅन फ्रान्सिस्को, १८८०. तेव्हा शहरात ३२० च्या आसपास धोब्यांची दुकानं, त्यातली ३१० लाकडी इमारतींत. शहराने नियम केला की लाकडी इमारतीत लाँड्री चालवायची तर मंडळाची परवानगी हवी. वाचायला नियम अगदी निष्पाप, आगीची भीती. प्रत्यक्षात सुमारे २०० चिनी लोकांनी अर्ज केले, सगळे नामंजूर. ८० च्या आसपास बिगरचिनी, एकाला सोडून सगळे मंजूर. यिक वो या लाँड्रीचा मालक २२ वर्षं धंदा करत होता, आगनिरीक्षकांचा दाखलाही होता त्याच्याकडे. दंड भरला नाही म्हणून तुरुंगात.

१८८६ मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने त्याच्या बाजूने निकाल दिला. दोन गोष्टी ठरल्या. कायदा कागदावर सरळ असून चालत नाही, राबवताना डोळा वाकडा केला तरी समानता मोडते. आणि चौदाव्या दुरुस्तीतली 'व्यक्ती' म्हणजे फक्त नागरिक नव्हे. तो नागरिक नव्हता, चिनी माणसाला तेव्हा होताही येत नव्हतं. आपण इथे व्हिसावर राहतो तेव्हा आपल्या वाट्याला येणारं संरक्षण असं एका धोब्याच्या दुकानातून आलंय.

रात्रपाळी

माई, मग मला एक कळत नाही. यिक वो जिंकला, पण १९२३ मध्ये भगतसिंग थिंड हरला ना? अमेरिकेच्या सैन्यात नोकरी केलेला भारतीय माणूस, तरी 'स्वतंत्र गोरा' नाही म्हणून नागरिकत्व गेलं. आणि त्याचा वकील कोण? सखाराम गणेश पंडित. नाव वाचून वाटतं आपल्या सदाशिव पेठेतला, पण जन्म अहमदाबादचा. थिंडच्या निकालानंतर सरकार त्याच्याही मागे लागलं, १९१४ साली मिळालेलं नागरिकत्व काढायला. हा पठ्ठ्या स्वतःचा खटला लढला आणि जिंकला. पण तो जिंकला ते एकदा कोर्टाने अंतिम ठरवलेलं पुन्हा उकरता येत नाही या मुद्द्यावर. समान संरक्षण कुठे गेलं मग?

जुना_वकील

चांगला प्रश्न. कलम पुन्हा वाचा: 'कोणतंही *राज्य* नाकारणार नाही.' कॅलिफोर्निया नाकारू शकत नाही, सॅन फ्रान्सिस्को नाकारू शकत नाही. वॉशिंग्टनच्या केंद्र सरकारबद्दल ते कलम मूग गिळून आहे. नागरिकत्व द्यायचं कुणाला हे काँग्रेसच्या हातात, आणि १७९० पासूनचा कायदा 'स्वतंत्र गोरी व्यक्ती' म्हणत होता. त्यामुळे थिंडच्या खटल्यात भांडण समानतेचं झालंच नाही, 'गोरा' कोण याचं झालं.

केंद्र सरकारला समानता लागू झाली ती १७ मे १९५४ ला, राज्यांतल्या गोऱ्या-काळ्यांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवणाऱ्या ब्राउन खटल्याच्या निकालाच्याच दिवशी. राजधानीतल्या शाळाही गोऱ्या-काळ्यांच्या वेगळ्या होत्या, आणि राजधानी हे राज्य नाही. बोलिंग विरुद्ध शार्प. कोर्टाने पाचव्या दुरुस्तीतल्या योग्य कायदेशीर प्रक्रियेच्या हमीतून समानता वाचून काढली. ती दुरुस्ती १७९१ ची, तिच्यात समानतेचा उल्लेखही नाही. टीकाकार आजही म्हणतात की ही ओढाताण आहे. मला स्वतःला ओढाताणच वाटते, पण निकाल योग्य वाटतो. राज्यांना बंदी आणि केंद्राला मुभा, असं ठेवणं कुठल्याही कोर्टाला शोभलं नसतं.

भारतीयांना नागरिकत्व मिळालं ते मात्र कोर्टामुळे नाही. १९४६ चा लूस-सेलर कायदा, २ जुलैला ट्रूमन यांची सही. त्यात भारतातून येणाऱ्यांना वर्षाला १०० जणांचा कोटा. वंशाची अट सगळ्यांसाठीच उठली १९५२ ला.

फिलीकर

वर्षाला १००? आमच्या मंडळात कोजागरीला मसाला दुधाच्या रांगेत याहून जास्त लोक असतात.

रोखठोक_नाना

जुने वकील, तो बोलिंगचा निकाल साध्या माणसाला वाचून कळेल का? की पुन्हा तुम्हालाच विचारावं लागेल?

जुना_वकील

कळेल. अगदी छोटा आहे, चहा निवायच्या आत वाचून होतो. त्याआधी ब्राउन वाचा, एकाच दिवसाचे आहेत.